उन्हाळ्यांतील अपघात व शेतकऱ्याची तजवीज

उन्हाळ्यांत विहिरीचा गाळ काढणें, मळणीयंत्र चालविणें, मोटारीची दुरुस्ती हीं कामें एकदमच येतात. वळिवाबरोबर वीजही पडते. अशा वेळीं घरचा कर्ता पुरुष गेला असतां कुटुंबास सरकारी साहाय्य मिळूं शकतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

महाराष्ट्र सरकारनें १९ एप्रिल २०२३ रोजीं गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना मंजूर केली. सातबाऱ्यावर नांव असलेला खातेदार, किंवा त्याच्या कुटुंबांतील नांव नसलेली एक व्यक्ति, १० ते ७५ वर्षें वयाची असल्यास तिला हा लाभ आहे. अपघाती मृत्यूबद्दल अथवा दोन डोळे वा दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये, आणि एक डोळा वा एक अवयव गेल्यास १ लाख रुपये मिळतात. वीज पडणें, विजेचा धक्का, सर्पदंश, बुडणें हीं कारणें त्यांत येतात. नैसर्गिक मृत्यु येत नाहीं.

अर्ज मात्र ३० दिवसांचे आंत तालुका कृषि अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. दुःखाच्या भरांत पंचनामा व शवचिकित्सा टाळून अंत्यविधि उरकला, किंवा सर्पदंश झालेल्यास केवळ मांत्रिकाकडे नेलें, तर पुरावा उरत नाहीं. मांत्रिकापायीं जीवही जातो. यासाठीं जखमी माणसास तत्काळ सरकारी दवाखान्यांत न्यावें, पोलीसपाटलास वर्दी द्यावी आणि प्रत्येक कागदाची नक्कल जपून ठेवावी.