ड्रॅग हाताने नाही, काट्याने लावा

आजचा भाग रॉड-रील घेऊन वसईच्या खाडीवर किंवा अर्नाळ्याला गरवायला जाणाऱ्यांसाठी. प्रश्न एकच: रीलचा ड्रॅग किती टाइट ठेवायचा?

आधी ड्रॅग म्हणजे काय, ते बघू. रीलच्या स्पूलपाशी वॉशर दाबून बसवलेले असतात. माशाने ठरावीक ताकदीपेक्षा जास्त ओढलं की स्पूल घसरतो आणि लाइन सुटत जाते. नॉब फार पिळला तर स्पूल घसरतच नाही. मग लाइन तुटते.

आता आकडा. लाइन आणि लीडर, यात जे कमजोर असेल त्याच्या ताकदीच्या पाव भाग. समजा लाइन २० पाउंडांची, म्हणजे साधारण ९ किलोची. ड्रॅग लावायचा सव्वादोन किलो. फार तर एक तृतीयांश, म्हणजे ३ किलो.

बाकीची ताकद कशाला राखायची? एक, गाठीत लाइन कमजोर होते. दोन, लाइन बाहेर गेली की स्पूल बारीक होतो आणि तोच ड्रॅग जड होत जातो. गुंडाळीचा व्यास निम्मा झाला की ओढ दुप्पट! मासा लांब गेल्यावर नॉब आणखी पिळू नका, ते यासाठी.

मोजायला बॅग तोलायचा हुकवाला काटा पुरतो. स्पूल भरलेला ठेवा, लाइन रिंगांतून काढून काट्याला बांधा, रॉड थोडा उभा धरा आणि मित्राला काटा हळूहळू ओढायला सांगा. स्पूल फिरायला लागला की आकडा वाचा. झटके देत फिरत असेल, तर वॉशर तपासायची वेळ आली.

आपला जिताडा गरी लागली की आडोशाकडे धावतो, कांदळवनाच्या मुळांत नाहीतर पुलाच्या खांबाकडे. तिथे जाताना आधीच जाड लाइन आणि लीडर लावा, म्हणजे ड्रॅगही वाढवता येतो. बारीक लाइनवर जोर केलात, तर मासा तोंडात गरी घेऊन जातो आणि तुटलेली लाइन मुळांत अडकून राहते. आणि हो, पळती ब्रेड लाइन हाताने धरू नका, बोट कापतं.

घरी आल्यावर नॉब घट्ट करून रील गोड्या पाण्याने हलकेच धुवा. वाळलं की नॉब सैल सोडा. सतत दाबून राहिले तर वॉशर चिकटतात.

पुढच्या भागात गाठींबद्दल बोलू. तोवर काटा पिशवीत टाका आणि निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ नक्की बघा!