आखाडा सुटला, खुराक सुटेना

कुस्ती सोडलेले पैलवान माझ्याकडे बहुधा गुडघेदुखीची तक्रार घेऊन येतात. तपासल्यावर रक्तदाब वाढलेला, रक्तात साखरही जास्त. वय जेमतेम चाळीस. ‘डॉक्टर, मी पैलवान गडी, मला साखर कशी?’ हा प्रश्न ठरलेलाच.

कारण साधे आहे. तालमीत पहाटे जोर-बैठका, मग लढती, संध्याकाळी पुन्हा मेहनत. एवढ्या कष्टात दूध, तूप, मटण, बदामाची थंडाई सारे जिरून जाते. तिशी ओलांडली की कुस्ती थांबते, मेहनत बंद होते, खुराक मात्र चालूच राहतो. एक ग्रॅम तुपातून सुमारे ९ कॅलरी मिळतात, पिठूळ पदार्थांतून ४. न खर्चलेल्या कॅलरी चरबी होऊन पोटावर साठतात. शिवाय रक्तातली साखर वापरणारे मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. तेच उतरतात आणि मधुमेहाला वाट मिळते.

दुसरे दुखणे मनाचे. ज्याच्यासाठी जत्रेत हलगी कडाडायची, त्याला पुढच्या वर्षी कोणी विचारीत नाही. झोप उडते, चिडचिड होते, काहीजण दारूकडे वळतात. इथे औषधाइतकेच महत्त्व हाताला काम असण्याला आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि पुढची नोकरी तिथेच केली. ऑलिंपिकवीरालाही दुसरा व्यवसाय धरावाच लागला, हे तालमीतल्या प्रत्येक पोराने ध्यानात ठेवावे.

तेव्हा कुस्ती सोडणाऱ्यांनी एवढे करावे. मेहनत एकदम बंद न करता हळूहळू कमी करावी आणि त्याच मापाने तूप, मटण, थंडाई उतरवावी. आठवड्यातले पाच दिवस निदान अर्धा तास झपझप चालावे; गुडघे दुखत असतील तर सायकल किंवा पोहणे बरे. झेपतील तेवढे जोर दिवसाआड चालू ठेवावेत. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर व रक्तातील चरबी तपासून घ्यावी. झोप महिनाभर बिघडली, तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे.

वस्ताद मंडळींनाही एक विनंती. पोराला डाव शिकवताना त्याची शाळा आणि पुढची नोकरी यांचीही चौकशी करीत जा. कुस्ती दहा-पंधरा वर्षांची असते. शरीर आणि संसार जन्मभर सांभाळायचे असतात.