एक कोळपणी, अर्धे पाणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाणीगाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. तेवढे पाणी १ हेक्टर शेतावर पसरले, तर थर होईल जेमतेम ५० मिलिमीटरचा! शेतातून वाफ होऊन जाणारे पाणी मात्र आपण मोजत नाही.

नांदेड-लातूरच्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी मुख्यतः पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर येते. ही ओल दोन वाटांनी हवेत जाते : मुळांतून पानांच्या रंध्रांवाटे आणि उघड्या मातीतून, भेगांतून थेट. पहिल्या वाटेने पीक पोसते, दुसरीने ओल वाया जाते. दोन्हीकडे १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. म्हणून ओले शेत थंड राहते. ओल संपली, की तीच उष्णता माती व हवा तापवते. कोळपणीने भेगा बुजतात, तण जाते आणि वरचा भुसभुशीत थर खालची ओल राखतो.

वर्गात आपण हे पडताळू शकतो. दोन सारख्या कुंड्यांत सारखीच ओली माती भरून एकीवर पालापाचोळा पसरावा व आठवडाभर दोन्हींचे रोज वजन करावे. घटलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे हवेत गेलेले पाणी, हे मुलांना मग वेगळे सांगावे लागत नाही.