भयाचे विलोपन

शिकलेले भय ओसरण्यास मानसशास्त्रात ‘विलोपन’ म्हणतात. विद्यार्थी या शब्दाचा अर्थ ‘नाश’ असा घेतात, तो बरोबर नव्हे. पाणिनीने लोपाची व्याख्या ‘अदर्शन’ अशी केली आहे. प्रत्यय लोपला तरी त्याचे कार्य उरते. भयाची स्थितीही काहीशी अशीच आहे.

११ जुलै २००६ रोजी सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले. त्यांपैकी एक जोगेश्वरी येथे झाला. त्यातून वाचलेल्या एखाद्या प्रवाशाचे उदाहरण घेऊ. डबा, गर्दी, सायंकाळ यांची स्फोटाशी सांगड बसते. या अभिसंधानात मेंदूतील अमिग्डला या केंद्राचे कार्य प्रधान असते. पुढे निर्वेध प्रवास घडत गेला म्हणजे भय ओसरते. परंतु जुनी सांगड बहुधा पुसली जात नाही. ‘डबा सुरक्षित आहे’ अशी दुसरी स्मृती तयार होते व तिच्या बळावर ललाटखंडाचा काही भाग अमिग्डलास आवरतो.

ही नवी स्मृती मात्र स्थळकाळाशी बांधलेली असते. संदर्भाची ही नोंद हिप्पोकॅम्पस ठेवतो. म्हणून दीर्घ खंड पडला, स्थळ पालटले किंवा नवा आघात झाला की भय परतते. यांपैकी पहिला प्रकार, कालांतराने होणारे पुनरागमन, पाव्हलॉव्हने कुत्र्यांच्या लाळेच्या प्रतिक्षेपात पूर्वीच नोंदविला होता.

यास्तव परतलेले भय हा मनाचा दुबळेपणा नव्हे, की उपचार व्यर्थ गेल्याची खूणही नव्हे. निर्भयतेचा अभ्यास एकाच गाडीत, एकाच वेळी न करता निरनिराळ्या संदर्भांत करणे, हेच त्यावरून निष्पन्न होते.