रवी, विरजण आणि परवाना

कपडे धुण्याचें यंत्र, प्रयोगशाळेंतील वजनकांटा, जिन्याखालचा विजेचा नवा मीटर, यांच्या पोटांत नखाएवढी एक चिप बसविलेली असते. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. ती आज्ञाधारक खरी, परंतु शून्य आणि एक या दोनच खुणा तिला कळतात. मनुष्यानें सी नामक भाषेंत लिहिलेल्या आज्ञा या खुणांत उतरवून देणारा जो दुभाष्या, त्याचें नांव कंपायलर. हा दुभाष्याहि मनुष्यानें रचलेलें एक लिखाणच असल्यामुळें त्यावर कर्त्याचा हक्क असतो. आणि तो इतरांनीं कसा वापरावा, हें परवान्यावरून ठरतें.

अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं जीसीसी हा कंपायलर लोकांच्या हातीं दिला व १९८९ सालीं जीपीएल हा परवाना लिहिला. त्याचा आशय असा कीं, हें साधन कोणत्याहि कामास वापरा, त्याचें मूळ लिखाण वाचा, सुधारा, प्रती वांटा, विका देखील. मात्र ज्याला प्रत द्याल त्याला मूळ लिखाण आणि हेच हक्क दिले पाहिजेत.

येथें वाचकांस शंका येईल. एकाद्या विद्यार्थ्यानें जीसीसीच्या साह्यानें पाऊस मोजण्याचें यंत्र केलें, तर त्याच्या स्वतःच्या आज्ञाहि त्याला उघड कराव्या लागतील काय? याचें उत्तर आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. रवी शेजारणीची असली म्हणून लोणी तिचें होत नाहीं. विरजणाची गोष्ट निराळी. तें दह्यांत उतरतें. कंपायलर ही रवी होय. परंतु पुष्कळ लहान चिपांना भागाकारासारखें काम एका आज्ञेंत करतां येत नाहीं. म्हणून कंपायलर आपल्या संग्रहांतील तयार तुकडे आपल्या लिखाणांत मिसळतो. हे तुकडे म्हणजे विरजण! यास्तव जीसीसीच्या कर्त्यांनीं या तुकड्यांपुरती खास सवलत ठेविली, व २००९ सालीं ती नव्यानें लिहून काढली. इटलींत २००५ सालीं निघालेलें आर्डुइनो हें विद्यार्थीप्रिय साधन याच कंपायलरवर उभें राहिलें.

सर्वच विरजण मात्र असें मोकळें नसतें. एसडीसीसी हा लहान चिपांसाठीं असलेला दुसरा मुक्त कंपायलर. त्याच्याबरोबर मिळणाऱ्या पिक जातीच्या चिपांच्या कांहीं फायली मायक्रोचिप कंपनीच्या परवान्याखालीं असून, त्या कंपनीच्याच मालासाठीं वापराव्या अशी अट आहे. ही अट जीपीएलशीं जुळत नसल्यानें त्या फायली वेगळ्या कप्प्यांत ठेविल्या आहेत.

मूळ लिखाण बंद असलेलें साधन कंपनीनें सोडून दिलें, तर तें वापरणारा निराधार होतो. मुक्त साधनांतील दोष विद्यार्थ्यालाहि शोधून सुधारतां येतो. परंतु मुक्त म्हणजे बेवारशी नव्हे. म्हणून, विद्यार्थीमित्रहो, साधनास हात घालण्यापूर्वीं त्याचा परवाना वाचा, आणि रवी कोणती व विरजण कोणतें हें ओळखा. दुसऱ्याचे श्रम ज्या अटींवर घेतले, त्या अटी पाळणें हा साधा प्रामाणिकपणा आहे.