कवटीच्या आत दाब वाढलाय? डोळे, नाडी आणि टाळू सांगतील!

मोठ्या माणसाची कवटी तसूभरही ताणली जात नाही. आत साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के मेंदूभोवतीचं पाणी. एकाला पाय पसरायचे तर दुसऱ्याने अंग चोरायचं! एडिनबराच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये हे मांडलं, जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये पुढे नेलं. गाठ वाढू लागली की आधी पाणी आणि शिरांमधलं रक्त मुकाट्याने बाहेर सरकतं, म्हणून सुरुवातीला काहीच कळत नाही. सरकायला जागा उरली नाही की दाब झपाट्याने चढतो. आडव्या झालेल्या निरोगी माणसात तो ७ ते १५ मिलिमीटर पारा असतो. २२ च्या वर टिकून राहिला की उपचार लागतात.

मेंदूभोवतीचं हे पाणी एका वेळी जेमतेम १५० मिलिलिटर, पण दिवसाला तयार होतं सुमारे ५००! म्हणजे दिवसातून तीनदा नवं.

वाढलेल्या दाबाची डोकेदुखी बऱ्याचदा सकाळी छळते. रात्रभर आडवं राहिल्याने डोक्यातलं रक्त सावकाश उतरतं. झोपेत श्वास मंदावतो, कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. खोकलं, वाकलं, कुंथलं की ठणका वाढतो. कधी मळमळ नसतानाही उलटी होते. आयसीयूत अशा पेशंटच्या खाटेची डोक्याकडची बाजू ३० अंश उचललेली असते, तीही डोक्यातलं रक्त नीट उतरावं म्हणूनच.

डोळ्यामागच्या नसेभोवती मेंदूचीच आवरणं असतात आणि त्यांत तेच पाणी. त्यामुळे दाब थेट डोळ्यापर्यंत पोचतो आणि नसेचं टोक सुजतं. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आत बघायचं यंत्र जगापुढे आणलं आणि ही सूज दिसू लागली. पेशंटला आरंभी नीट दिसतं, पण वाकून उठताना काही सेकंद अंधारी येते. सूज यायला वेळ लागतो, म्हणून नस साफ दिसली तरी निर्धास्त होता येत नाही.

डोळा बाहेर वळवणारी नस दाबली गेली की तो नाकाकडे झुकतो आणि एकाचे दोन दिसतात. गंमत अशी की दुखणं भलतीकडेच असू शकतं! मात्र एका डोळ्याची बाहुली मोठी झाली, टॉर्च मारूनही आकसेना आणि पेशंट गुंगू लागला, तर मिनिटांचा हिशेब सुरू होतो.

सगळ्यात फसवी खूण नाडीची. तरुण हार्वे कुशिंग यांनी १९०१ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बर्नला कुत्र्याच्या कवटीत काचेची खिडकी बसवून आतल्या रक्तवाहिन्या पाहिल्या. कवटीतला दाब वाढवला की मेंदूपर्यंत रक्त पोचवण्यासाठी शरीर रक्तदाब चढवतं, आणि नाडी मात्र मंदावते. डोक्याला मार लागलेल्या पेशंटची नाडी ९० वरून ५० वर येते, तेव्हा नातेवाइकांना वाटतं, चला, शांत झोप लागली. तक्त्यावर रक्तदाब वर आणि नाडी खाली जाताना पाहून धावत सुटणारी नर्स मला देवासारखी वाटते. त्यात श्वासही अडखळू लागला तर खूप उशीर झालेला असतो.

बाळांची तऱ्हा वेगळी. कवटीचे सांधे जुळलेले नसतात, म्हणून डोकंच वाढतं. डॉक्टर दर भेटीत टेप लावतात ते उगाच नाही. तेल घालून टाळू भरणाऱ्या आजीच्या बोटांना टाळूतली धडधड ओळखीची असते. ती धडधड निरोगी. रडताना टाळू फुगते, तेही ठीक. पण बाळ शांत आहे, बसतं धरलंय, तरी टाळू टणक आणि वर आलेली, तर लगेच दवाखाना गाठावा. खोल गेलेली टाळू उलट अंगातलं पाणी कमी झाल्याचं सांगते. दाब खूप वाढला की बुबुळं खाली ढळतात आणि वर पांढरं दिसतं. डॉक्टर त्याला ‘मावळता सूर्य’ म्हणतात.

आणि अंतराळात? अनेक महिने वजनरहित राहिलेल्या काही अंतराळवीरांच्या डोळ्यांतही नसेचं टोक सुजलेलं आढळलंय. म्हणून अंतराळ स्थानकावर ते स्वतःच्या डोळ्यांची सोनोग्राफी करतात.