दगडाच्या धारेवरचं अक्षर

आयर्लंडमध्ये कॉर्कच्या विद्यापीठात ‘स्टोन कॉरिडॉर’ नावाचा एक लांब व्हरांडा आहे. केल्टिक भाषा शिकायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिथल्या एका शिळेपुढे उकिडवी बसले होते. अक्षर म्हणून काही दिसेना. मग मैत्रिणीने मोबाइलचा टॉर्च तिरका धरला आणि दगडाच्या धारेवर खाचा उमटल्या.

ही ओगम, आयरिश भाषेची जुनी लिपी. धार हीच रेघ. खाचा तिच्या उजवीकडे, डावीकडे की आरपार, आणि एक ते पाच यांपैकी किती, यावर अक्षर ठरतं. वाचायचं बहुधा खालून वर. अशा सुमारे ४०० शिळा उरल्या आहेत. मजकूर बहुतेकदा एवढाच : अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा. ‘मुलाचा’ याला शब्द ‘मक्वी’. आडनावांतलं ‘मॅक’ त्याच घरातलं.

ओगम दगडाबाहेरही भेटते. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलेनच्या मठात नवव्या शतकातलं लॅटिन व्याकरणाचं हस्तलिखित आहे. त्यात आयरिश भिक्षूंनी ओळींच्या मधे तीन हजारांहून अधिक टिपा आपल्या भाषेत लिहिल्या. एका पानाच्या माथ्यावर ओगममध्ये एकच शब्द आहे. अभ्यासक त्याचा अर्थ लावतात, ‘रात्रीची उतरली नाही’!

जुन्या आयरिशमध्ये गाय म्हणजे ‘बो’, राजा म्हणजे ‘री’. संस्कृतातले ‘गो’ आणि ‘राजन्’ यांचे हे लांबचे भाऊबंद. शाळेत घोकलेली रूपं इथे अशी भेटतात, तेव्हा परकेपणा जरा ओसरतो.